परत आणलेल्या पैशांचं कौतुक

सहल आटोपून मुलं घरी परतली की पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं. "पाचशे दिले होते, साडेतीनशे परत आणले पोरानं!" सांगताना आवाजात अभिमान असतो. ऐकणारेही माना डोलावतात. मुलगा गुणी, मुलगी समंजस, घरचं वळण चांगलं, असा निकाल जागच्या जागी लागतो. मला या कौतुकाचा मनापासून संताप येतो. पहाटे साडेपाचला बसमध्ये चढलेलं, रात्री दहाला उतरलेलं, मधला अख्खा दिवस पाण्यात, उन्हात आणि रांगांमध्ये काढलेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल दीडशे रुपयांत काय खाऊन आलं असेल, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडलेला नसतो.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन मनोरंजन उद्यानांत आणि वॉटर पार्कमध्ये गेलेली आहे. त्या दीडशे रुपयांचं काय होतं ते मी फूड कोर्टाच्या कडेला उभं राहून पाहिलं आहे. पाण्याची एक बाटली, वेफर्सचं एक पाकीट आणि एक आइस्क्रीम. झालं दिवसभराचं जेवण. उरलेल्या नोटा चोरकप्प्यात जातात, कारण घरी गेल्यावर त्या दाखवायच्या असतात, शाबासकी मिळवायची असते. उपाशी राहण्याला बक्षीस असतं हे मुलांना पक्कं ठाऊक झालेलं असतं.

या कौतुकामागे एक घट्ट बसलेलं मत आहे. पालकसभेत ते दरवर्षी त्याच शब्दांत ऐकू येतं. तिकीट काढलं, बसचं भाडं भरलं, आता खाण्यासाठी वेगळे पैसे कशाला? घरून डबा द्यावा. हातात पैसे पडले की मुलं उडवतात, आणि एकदा चटक लागली की सुटत नाही. आमच्या वेळी पाच रुपयांत सहली झाल्या, आम्ही काय वाईट निघालो? उद्यानातले भाव म्हणजे उघड लूट, तिला आपण का हातभार लावायचा? एक दिवस कमी खाल्लं तर कुणी मरत नाही. आणि शेवटी, वर्गात सगळ्यांची ऐपत सारखी नसते, म्हणून दोनशेच्या वर कुणीच पैसे आणू नयेत, असा शाळेनेच नियम करावा.

सगळं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. बोलणारी माणसं वाईट नसतात, मुलांवर त्यांचं प्रेमही असतं. तरीही यातलं एकही म्हणणं उद्यानाच्या फाटकाच्या आत टिकत नाही, आणि ते टिकत नाही याची किंमत मुलं पोटाने मोजतात.

डब्यापासूनच सुरुवात करू. आपल्याकडची बहुतेक मोठी मनोरंजन उद्यानं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. ही काही गुप्त गोष्ट नाही, तिकिटावर आणि फाटकावरच्या फलकावर ती लिहिलेली असते. तरीही दर सहलीला मुलांच्या पाठपिशव्यांतून डबे निघतात. फाटकाशी एक लांब टेबल असतं. त्यावर पिशवी रिकामी करायची. चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, थेपले, चिवड्याची पिशवी, कोपऱ्यात लोणच्याचं तेल सुटलेला डबा, हे सगळं बाजूला काढलं जातं. ते परत बसमध्ये ठेवायचं किंवा तिथेच सोडायचं. बस वाहनतळावर दूर उभी, चालक दुपारी झोपलेला, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतील याची खात्री नसते. आईने पहाटे चारला उठून केलेले ते थेपले संध्याकाळी बसमध्ये उघडले जातात तेव्हा त्यांना वास येत असतो. त्या आईच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण तिला कुणीतरी आदल्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं की हा डबा मुलीच्या तोंडापर्यंत पोचणारच नाही.

डबा हे उत्तर ज्या सहलींसाठी होतं त्या सहली वेगळ्या होत्या. प्रतापगड, वेरूळ, भंडारदरा, पन्हाळा. तिथे झाडाची सावली होती, टाक्याचं नाहीतर विहिरीचं पाणी होतं, आणि अंगतपंगत करायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पिशवी तपासणारं कुणी नव्हतं. मग १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आलं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं, आणि शाळांच्या सहली हळूहळू किल्ल्यांवरून उद्यानांकडे वळल्या. सहलीची जागा बदलली, तिचे नियम बदलले, तिचा खर्च कित्येक पटींनी वाढला. पालकांनी हे सगळं मान्य केलं. फक्त खाण्याचा हिशेब मात्र त्या जुन्या झाडाखालीच राहिला. असं का?

"आमच्या वेळी पाच रुपयांत" म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे. तुमच्या वेळच्या वडापावचा भाव आठवा आणि आजचा आठवा. तुमच्या वेळी सहलीची वर्गणी किती होती आणि आज किती आहे? वर्गणी आजच्या भावाने भरायची आणि खाण्याचे पैसे चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीने द्यायचे, हा कोणता हिशेब? मुलांना आठवणीने जेवता येत नाही.

आता लुटीबद्दल. उद्यानातलं खाणं महाग असतं, यात दुमत नाही. मलाही ते भाव वाचून राग येतो. पण ते महाग का असतं हे नीट समजून घेतलं पाहिजे. आत गेलेल्या माणसाला दुसरं दुकान नसतं. त्यामुळे उद्यान चालवणाऱ्यांच्या दृष्टीने तिकीट हा व्यवहाराचा पहिला भाग आणि खाणं हा दुसरा. कोची, बेंगळुरू, हैदराबाद इथे उद्यानं असलेली वंडरला ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आपले निकाल जाहीर करते तेव्हा तिकिटांचं उत्पन्न वेगळं आणि तिकिटाव्यतिरिक्तचं उत्पन्न वेगळं दाखवते, आणि खाण्यापिण्याची विक्री या दुसऱ्या भागात येते. यात लपवाछपवी काही नाही, या धंद्याची रीतच तशी आहे. म्हणजे फाटकातून आत येणारं प्रत्येक मूल दुपारी काहीतरी विकत घेऊन खाणार, हे उद्यानाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. ज्यांचं ते मूल आहे त्यांच्याच हिशेबात ते नसावं?

आणि या लुटीविरुद्ध आपण लढतो तरी कसे? तिकीट पूर्ण किमतीला घेतो. बसचं भाडं भरतो. पाण्यात उतरायला नायलॉनचेच कपडे हवेत म्हणून नवा पोशाख घेतो किंवा तिथे भाड्याने घ्यायला लावतो. लॉकरचे पैसे आणि त्याची अनामत रक्कम देतो. इथपर्यंत तत्त्व आडवं येत नाही. मुलाच्या ताटाशी पोचल्यावर मात्र तत्त्व जागं होतं. लूट मान्य नसेल तर तिकीटच काढू नका, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण आतल्या भावाविरुद्धचं आंदोलन एकट्या पंधरा वर्षांच्या मुलीने रिकाम्या पोटी करावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. तिच्या उपाशी राहण्याने उद्यानाचा एकही भाव उतरलेला नाही आणि उतरणारही नाही.

भांडायचंच असेल तर मोठ्यांनी भांडावं, आणि भांडायला जागा आहे. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या भावावरून २०१८ साली पुण्या-मुंबईत आंदोलनं झाली, विधिमंडळातही तो विषय गाजला. पुढे ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांबद्दल निकाल दिला. बाहेरचं खाणं येऊ द्यायचं की नाही हे मालकाने ठरवावं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं, आणि तान्ह्या बाळासाठी आईवडिलांनी आणलेल्या वाजवी खाण्याला आडकाठी करू नये, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल सिनेमागृहांचा आहे. पण सिनेमा तीन तासांचा असतो, उद्यानातला दिवस आठ-नऊ तासांचा. तीन तासांच्या खेळासाठी फुकट पाणी आवश्यक असेल तर दिवसभर उन्हात पळणाऱ्या मुलांसाठी ते किती आवश्यक आहे, हे कुणी वेगळं सांगायला हवं का? स्वच्छतेच्या नावाखाली घरचा डबा अडवला जातो. पण कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, जे १९५५ पासून चालू आहे आणि ज्याच्याकडे बघून जगभरची उद्यानं उभी राहिली, ते काचेच्या बाटल्या आणि दारू सोडून घरचं साधं खाणं आत नेऊ देतं. तिथे स्वच्छता राहते, आपल्याकडेच राहणार नाही का? बंद बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा दुकानदाराने जास्त पैसे घेतले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पालक-शिक्षक संघाने उद्यानाला पत्र लिहावं, शाळेच्या गटाला डबा आत नेऊ द्या किंवा जेवणाचा दर कमी करा, असं सांगावं. वर्षाला शेकड्याने मुलं पाठवणाऱ्या शाळांच्या पत्राला वजन असतं. हे सगळं करावं, जरूर करावं. मात्र ते होईपर्यंत मुलांना जेवू घालावं.

"एक दिवस कमी खाल्लं तर कुणी मरत नाही." हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. मुलं मरत नाहीत, हे खरं आहे. पण आपण आपल्या मुलांसाठी एवढीच मर्यादा ठरवली आहे का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली कुणाला रोज किती ऊर्जा लागते याचे आकडे दिले. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० किलोकॅलरी लागतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला २८६०, मुलीला २४००. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३३२०. म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसलेल्या वडिलांपेक्षा त्यांच्या दहावीतल्या मुलाला जास्त अन्न लागतं, तेही साध्या दिवशी. सहलीच्या दिवशी ही मुलं पाण्याच्या घसरगुंड्यांच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढतात, लाटांच्या तलावात तासन्‌तास डुंबतात, एका राइडपासून दुसरीपर्यंत चालत नाहीत, धावतात. त्याच दिवशी त्यांना सगळ्यांत कमी खायला मिळावं? वडील मात्र त्या दिवशीही आपला चार पुडांचा डबा नेतात, चारला चहा-भजी घेतात आणि रात्री मुलाने परत आणलेल्या नोटा मोजतात.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी वाईट आहे. "मुलींना काय लागतं, त्या चिमणीएवढं खातात," असं म्हणून भावाला पाचशे आणि बहिणीला तीनशे देणारी घरं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१.१ टक्के. या मुली कमी खातात कारण त्यांना लहानपणापासून कमी खाण्याचं कौतुक ऐकवलं गेलेलं असतं. त्यातून बाहेर गेल्यावर स्वच्छतागृह कसं असेल या भीतीने त्या पाणीही पीत नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला एखादी मुलगी बाकावर डोकं धरून बसते. विचारलं तर म्हणते, "काही नाही बाई, ऊन लागलं." सकाळी काय खाल्लं? चहा-बिस्किट. दुपारी? मैत्रिणीच्या पिझ्झ्याचा एक तुकडा. पाणी? नको वाटलं. तिला मीठ-साखरेचं पाणी आणि गरम डाळ-भात मिळाला की अर्ध्या तासात ती पुन्हा रांगेत उभी असते. उन्हाचा दोष होताच, पण रिकाम्या पोटाचा जास्त होता. आणि मुलींना आणखी एक खर्च अचानक येऊ शकतो. पाळी तारीख बघून येत नाही. सॅनिटरी पॅड विकत घ्यावा लागला तर ते पैसे मुलीने जेवणातून काढायचे का?

आता पैसे उडवण्याबद्दल. या आक्षेपात थोडं तथ्य आहे, तेवढंच मी मान्य करते. हातात एकगठ्ठा पैसे दिले तर बरीच मुलं जेवण टाळून निघताना फोटोची फ्रेम, चमकणारी कवटी किंवा कार्टूनचं चित्र असलेला मग घेतात. पण यावरचा उपाय कमी पैसे देणं हा नाही. कमी पैसे दिले तरी मुलं मगच घेतात आणि जेवण आणखी कमी करतात. उपाय सरळ आहे. दोन वेगळी पाकिटं करा. एकात खाण्याचे पैसे, दुसऱ्यात आठवणीच्या वस्तूसाठी जे काय पन्नास-शंभर द्यायचे असतील ते. खाण्याच्या पाकिटातून खाणंच घ्यायचं, उरले तर परत द्यायचे. आणि परत दिल्यावर शाबासकी द्यायची नाही. "काय खाल्लंस?" एवढंच विचारायचं. उत्तरात जेवण नसेल तर काळजी करायची, कौतुक करायचं नाही.

मुलांच्या हाती पैसा नको, असं म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःचं बचत खातं उघडून ते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच बँकांना दिली. देशाची मध्यवर्ती बँक ज्या वयाच्या मुलावर खात्याचा विश्वास टाकते, त्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुलावर एका दिवसाच्या जेवणाचा विश्वास टाकायला आपण कचरतो. काटकसर शिकवायची म्हणून कमी पैसे देतो, असंही काही जण म्हणतात. काटकसर निवडीतून येते. तीनशेची थाळी घ्यावी की दीडशेचा मसाला डोसा आणि वर ताक, हे ठरवताना मूल काहीतरी शिकतं. ज्याच्या हातात दीडशेच आहेत आणि ते दिवसभर पुरवायचे आहेत, त्याच्यासमोर ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ते मूल फक्त भूक मारायला शिकतं.

काही घरं दुसऱ्या टोकाला जातात. फोनमध्ये आपलं यूपीआय चालू करून देतात आणि "हवं ते घे" म्हणतात. हाही हिशेब नव्हे. वॉटर पार्कमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि ऐन भुकेच्या वेळी लॉकरपर्यंत जाण्याचा कंटाळा करून मुलं उपाशीच पुढच्या राइडकडे पळतात. पाणी न शिरणारी, गळ्यात अडकवायची छोटी पिशवी मिळते, तिच्यात रोख पैसे ठेवावेत. काही ठिकाणी आत पट्टा किंवा कार्ड घेऊन त्यात पैसे भरावे लागतात. उरलेले पैसे परत कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळतात, हे शिक्षकांनी सकाळीच विचारून ठेवावं.

आणि आता तो शेवटचा आक्षेप, ज्यात सगळ्यांत जास्त माणुसकी आहे असं वाटतं. सगळ्यांची ऐपत सारखी नाही, म्हणून कुणीच दोनशेच्या वर आणू नयेत. या नियमाच्या मागची भावना मला कळते. एका मुलाने दोन हजार उडवावेत आणि शेजारच्याने त्याच्याकडे बघत बसावं, हे कोणत्याच शिक्षकाला पाहवत नाही. पण हा नियम प्रत्यक्षात काय करतो ते बघा.

नववीच्या तीन मुली एका काउंटरसमोर उभ्या होत्या. फलकावरचे भाव वाचत होत्या, वरून खाली आणि पुन्हा खालून वर. तिघींकडे नियमाप्रमाणे दोनशे-दोनशे. सकाळी पाण्याच्या बाटल्या आणि लॉकर यांत त्यातले बरेच गेले होते. जेवणाच्या एका थाळीला तिघींपैकी एकीचेही पैसे पुरत नव्हते. शेवटी त्यांनी एक पावभाजी घेतली आणि जादा पाव किती, असं विचारलं. भाव सांगितल्यावर त्यांच्यातल्या एकीने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "तुम्ही दोघी खा, मला भूकच नाहीये." तिच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. हे दोनशे रुपये तिच्या आईने दोन दिवस आधी उसने घेतले होते, कारण शाळेने 'दोनशे' असा आकडा दिला होता आणि मुलगी त्यात कमी पडू नये असं आईला वाटत होतं. त्याच वेळी पलीकडच्या टेबलावर एक मुलगा बर्गर, फ्राइज आणि शेक घेऊन बसला होता. नियम त्यालाही होताच. पण त्याच्या खिशात वडिलांचं कार्ड होतं आणि ते तपासायचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही. दोनशेच्या मर्यादेने श्रीमंत मुलाचं काहीच अडलं नाही, मधल्या मुलांना अर्धपोटी ठेवलं, आणि ज्या मुलीसाठी हा नियम केला असं आपण सांगतो तिला सगळ्यांसमोर खोटं बोलायला लावलं. ही समानता आहे का?

समानता हवी असेल तर ती ताटातून येते. सहलीच्या वर्गणीतच दुपारचं जेवण धरा. शाळांच्या गटांना जेवणासकट दर देणारी उद्यानं आहेत, त्यासाठी आधी फोन करून विचारावं लागतं एवढंच. सगळ्या मुलांना एकच ताट, एकाच वेळी, एकाच टेबलांवर. ज्याला वर आइस्क्रीम खायचं असेल त्याने खावं, त्याने कुणाचं पोट रिकामं राहत नाही. ज्या घराला ही वर्गणी झेपत नाही, तिथे शाळेच्या गरजू निधीतून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून ती भरावी, आणि कुणाची भरली हे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्याबाहेर जाऊ नये. तेवढं जमत नसेल तर सहल उद्यानाऐवजी किल्ल्यावर न्यावी. तिथे डबा चालतो, झाड असतं आणि सगळे एकत्र बसतात. परवडत नाही म्हणून स्वस्त जागी नेणं यात लाज काहीच नाही. महागड्या जागी नेऊन मुलांना उपाशी ठेवणं ही लाजेची गोष्ट आहे.

मग खाण्याचे नेमके किती पैसे द्यायचे? भाव उद्यानागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून एकच आकडा सगळ्यांनी घेऊ नये. आमच्या शाळेने अलीकडच्या एका सहलीत केलेला हिशेब मात्र सांगते. आधी उद्यानाला फोन करून आतले भाव लिहून घेतले. फलकावरच्या भावावर जीएसटी वेगळा लागतो का, तेही विचारलं. दुपारच्या जेवणाला ३२० रुपये, चारच्या खाण्याला १५०, सरबत किंवा ताकाला ६०, परतीच्या वाटेवर थांब्यावर चहा-वडापावला ७०, आणि वर २०० रुपये अडीअडचणीसाठी, जे शक्यतो मोडायचे नाहीत. एकूण ८००. पिण्याच्या पाण्याची सोय कुठे आहे हे आधीच विचारून ठेवलं आणि प्रत्येकाने रिकामी बाटली नेली, त्यामुळे पाणी विकत घ्यावं लागलं नाही. निघताना बसमध्येच पोहे आणि केळी दिली, म्हणजे पहिली राइड रिकाम्या पोटी झाली नाही. जेवणाची वेळ साडेबारा ठरवली, कारण दीडनंतर फूड कोर्टाच्या रांगा राइडच्या रांगांपेक्षा लांब होतात आणि मुलं रांग बघून जेवण सोडून देतात. या यादीत चैनीचं एकही कलम नाही. ८०० हा आकडा ऐकून पालकसभेत कुजबुज झाली, तेव्हा मी एवढंच विचारलं की यातलं कोणतं कलम काढू? दुपारचं जेवण काढू की अडचणीचे पैसे? कुणीही बोट ठेवू शकलं नाही.

हाच हिशेब घरीही करता येतो, मुलं मित्रांबरोबर स्वतंत्रपणे जात असतील तर करायलाच हवा. आदल्या रात्री मुलाला शेजारी बसवा, कागद-पेन घ्या, दिवसाचे तास मोजा आणि त्या तासांत भूक किती वेळा लागेल ते त्यालाच विचारा. मूल स्वतः मांडलेला हिशेब मोडत नाही. आपण लादलेल्या आकड्यातून मात्र ते पळवाट काढतं. आणि ही रक्कम घराला जड जात असेल तर तसं त्याला मोकळेपणाने सांगा, यंदा नको पुढच्या वर्षी जाऊ म्हणा. पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजतं. त्याला समजत नाही ते हे, की तिकिटाला हजार-दीड हजार निघतात आणि जेवणाला निघत नाहीत.

येत्या डिसेंबर-जानेवारीत सहलींच्या सूचना निघतील. त्या कागदावर निघण्याची वेळ असते, गणवेश असतो, ओळखपत्राची आठवण असते, "मौल्यवान वस्तू आणू नयेत" असं असतं. त्यावर जेवणाची ओळही हवी. आत डबा चालतो की नाही, पाणी कुठे मिळेल, जेवण किती वाजता, त्याचे पैसे वर्गणीत धरले आहेत का, आणि धरले नसतील तर मुलाकडे किती हवेत, हे सगळं आकड्यांसकट. पालकांनी ती ओळ नसलेल्या सूचनेवर सही करू नये. तो आकडा तिकिटाइतकाच बंधनकारक मानून पूर्ण द्यावा, आणि तो मुलाचा हक्क आहे म्हणून द्यावा, लाड म्हणून देऊ नये. आणि ज्या शाळेला, ज्या घराला मुलांना आत जेवू घालणं शक्य नाही, त्यांनी त्या मुलांना त्या फाटकातून आत नेऊच नये.